हद्दीबाहेरचा ओढा

सुरुवातीलाच माफी मागतो. ललित वगैरे लिहिण्याइतका माझा हात तयार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील पिंपळगावला एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांचे क्रेट उचलतात, आई गावातल्या बागांत छाटणीला आणि विरळणीला जाते. घरात लिहिण्याचं काम म्हणजे रेशनचा नाहीतर शाळेच्या दाखल्याचा अर्ज, तोही वर्षातून एखादा. पण माफी मागण्याचं खरं कारण दुसरंच आहे. याआधी मी लिहिलेलं काहीतरी घराबाहेर गेलं ते एकदाच. एकच ओळ होती ती. त्या ओळीमुळे आमच्या गावचा ओढा नकाशावरून नाहीसा झाला. तेव्हापासून कागदावर पेन टेकवताना मी जरा थांबतो.

आज लिहायला बसलो ते एका वासामुळे. नाशिकरोडला मी ज्या वसतिगृहात राहतो, त्याच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. चार दिवसांपूर्वी सकाळी कपडे वाळत घालायला वर गेलो, तर चिमण्यांच्या अलीकडच्या एका मळ्यात छाटणी सुरू झालेली होती. कात्र्यांचा आवाज काही इथवर येत नव्हता, पण वारा सुटला आणि वास आला. नुकत्याच छाटलेल्या काडीचा वास ओल्या लाकडासारखा असतो, किंचित आंबट. प्रत्येक छाटलेल्या टोकाला पाण्याचा एक थेंब येऊन थांबतो. सकाळच्या उन्हात असे हजारो थेंब लोंबत असतात आणि बागेत शिरलं की मानेवर टपटपतात. मागून बायका स्पंज घेऊन काड्यांच्या डोळ्यांना, कोंब फुटतात तिथे, गुलाबी औषध लावत जातात. हातमोजे घातले तरी रंग आत उतरतोच. आईचे तळवे दिवाळीपर्यंत गुलाबी राहतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आयांचे हात या दिवसांत असेच होतात.

गच्चीवर ओला टॉवेल हातात धरून मी तसाच उभा राहिलो. गेल्या वर्षीचा आश्विन आठवला. माझ्या लेखी तो छाटणीपेक्षा हरकतींचा महिना होता.

आमचं गाव कवठेवाडी. ओढ्याच्या पलीकडे, हायवेच्या अंगाला, जांभुळठाण. त्यांची बाजू चढाची, आमची सखल. मधला ओढा हीच दोन्ही गावांची शीव. त्याला स्वतःचं नाव नाही. आमच्या गावात त्याला ‘जांभुळठाणचा ओढा’ म्हणतात आणि जांभुळठाणला ‘कवठेवाडीचा ओढा’. हे मला कधी विचित्र वाटलं नव्हतं. शेजारच्या घराच्या भिंतीला आपण त्यांची भिंत म्हणतो, तसंच काहीतरी.

ओढ्यावर फरशी होती, पाण्यालगतचा बुटका पूल. ती एका पावसात खचली. दुरुस्ती कुणी करायची यावरून दोन्ही ग्रामपंचायतींत जे बिनसलं, ते बिनसलंच. पुढे दोघींनी आपापले सिमेंटचे रस्ते केले. आमचा रस्ता ओढ्याच्या काठावर येऊन थांबतो. त्यांचाही समोरच्या काठावर येऊन थांबतो. मधे दगडगोटे आणि घोटाभर पाणी. शाळेत जाणारी मुलं तिथे सायकलवरून उतरतात, सायकल खांद्यावर घेतात, पलीकडे जाऊन पुन्हा बसतात. मीही अकरा-बारावी तशीच केली. दोन सरपंच एकमेकांच्या कार्यालयाची पायरी चढत नाहीत, हे मात्र आम्हा मुलांना तोंडपाठ होतं.

ओढ्याच्या मधोमध एक उंचवटा आहे, त्यावर करंजाचं झाड, आणि झाडाखाली शेंदूर लावलेला शिवेवरचा म्हसोबा. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी जातं. तो मात्र दोन्ही गावांचा. छाटणी सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी दोन्हीकडचे बागायतदार आणि मजूर आपापल्या कात्र्या घेऊन तिथे येतात. त्याला ‘कात्री दाखवणं’ म्हणतात. नारळ फुटतो, कात्र्यांना कुंकू लागतं, मग आपापल्या काठावर बसून भाकरी आणि वांग्याचं भरीत खायचं. पंगती दोन, एकमेकींकडे तोंड करून. हे कधीपासून असं चालतं कुणाला माहीत नाही. वाढपी मात्र पाण्यातून इकडे-तिकडे जातात, आणि त्यांच्याकडची चटणी आमच्याकडे येते.

आता त्या ओळीबद्दल सांगतो.

नाशिक शहर वाढत वाढत आमच्याकडे येत होतं. सिंहस्थाच्या तयारीने रस्ते उकरलेले, हायवेच्या कडेला प्लॉटच्या पाट्या. अशा वेळी शहराभोवतीच्या सगळ्या गावांचा मिळून एक विकास आराखडा होणार असं कळलं. कुठे घरं, कुठे शेती, कुठे रस्ते, कुठे पाणी, हे सगळं त्यात ठरायचं होतं. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीत काय काय आहे त्याची यादी द्यायची होती. आमचे सरपंच दत्तूनाना यांनी मला बोलावलं. म्हणाले, “तू भूगोल घेतलाय ना? मग बस इथं. तुझं अक्षर बी चांगलंय.”

मी ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर पहिल्यांदा बसलो. पंखा माझ्यासाठी लावला होता. शाळा, अंगणवाडी, दोन विहिरी, पाण्याची टाकी, स्मशानभूमी, गायरान, सगळं लिहिलं. मग विचारलं, “नाना, ओढा?”

“ओढा नको लिहू आपल्यात.”

“पण अर्धा तर आपलाच आहे.”

“अरे, लिहिला की फरशी आपल्या गळ्यात. गाळ काढायचा आपण, भिंत बांधायची आपण. त्यांच्यात लिहू दे त्यांना. त्यांचाच ओढा हाय, लोक म्हणत्यातच की.”

नाना वाईट माणूस नाही. गावात कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर पहिली गाडी त्यांची निघते. त्यांनी फक्त एका गावाचा विचार केला, आणि सरपंचाने तोच करायचा असतो असं मलाही वाटलं. शिवाय पंखा माझ्याकडे वळवलेला होता. मी रकान्यात लिहिलं: ‘ओढा — हद्दीबाहेर.’ खाली सुबक रेघही मारली.

पुढे काही महिन्यांनी कॉलेजात सरांनी सांगितलं, आराखड्याचा मसुदा लागलाय, जाऊन आपापलं गाव शोधा आणि टिपण लिहा. मी गेलो. नियोजन कार्यालयाच्या बोळात भिंतभर नकाशे लावलेले. लोक बोटं फिरवत आपापले गट नंबर शोधत होते. हिरवा रंग शेतीचा, पिवळा घरांचा, निळा पाण्याचा. कवठेवाडी सापडली. शाळा सापडली. ओढ्याकाठच्या माझ्या आत्याचं घर कुठे येईल ते मी ओढ्यावरून शोधायला लागलो, आणि ओढाच सापडेना. आधी वाटलं छपाई फिकी आली असेल. चष्मा पुसला. आमच्या बाजूचा पिवळा रंग आणि जांभुळठाणचा पिवळा रंग सलग भिडले होते. मधे रेघ होती ती फक्त हद्दीची, तुटक, काळी.

तिथे एक तरुण इंजिनिअर मॅडम होत्या. मी त्यांना विचारलं. त्यांनी न कंटाळता दोन्ही गावांच्या याद्या काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. जांभुळठाणच्या यादीत लिहिलं होतं: ‘ओढा कवठेवाडीच्या हद्दीत.’ आमच्या यादीत माझं अक्षर होतं.

“दोघांनीही नाही म्हटलंय,” मॅडम म्हणाल्या. “मग आम्ही कुठे दाखवणार?”

“मॅडम, पण तो आहे.”

“असेल. तुम्ही एकट्याने हरकत घेतलीत तरी घेता येईल. पण एक गाव तिकडे दाखवतंय, दुसरं इकडे. मुदतीच्या आत दोन्ही ग्रामसभांनी एकच ठराव दिला, एकाच शब्दांत, तर त्याला वजन येईल.”

बाहेर आलो. नकाशात ओढा नाही म्हणजे तिथे कुणी भराव टाकला तर अडवायला कागद नाही, एवढं मला कळत होतं. आणि आमची बाजू सखल. त्या सखल बाजूच्या वळणावर, ओढ्याला सगळ्यात जवळ, एकच घर आहे. बायजाआत्याचं.

बायजाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून एकटीच राहते. घराला लागून अर्धा एकर वावर, त्यात बारा महिने कोथिंबीर नाहीतर मेथी. गोणपाटात ओल्या जुड्या बांधून ती सकाळच्या टेम्पोने पंचवटीला जाते. कॉलेजची तिन्ही वर्षं मी त्याच टेम्पोत बसून गेलो, वह्यांना कोथिंबिरीचा वास घेऊन. वर्गातली मुलं हसायची. आत्याला सांगितलं तर म्हणाली, “त्यांच्या वह्यांना कसला वास येतो ते इचार.”

त्या दिवशी मी कार्यालयातून थेट पंचवटीत गेलो. आत्या भाजी बाजारात रिकाम्या गोणपाटावर बसून चहा पीत होती. मी सगळं सांगितलं. ओळही सांगितली. मला वाटलं ती ओरडेल. तिने बशी खाली ठेवली.

“म्हणजे मी रोज ज्याच्यात पाय धुते, ते नायच?”

“कागदावर नाही.”

“आन् हे तू लिहिलं.”

“हो.”

“नानानं सांगितलं म्हणून.”

“हो.”

ती उठली, गोणपाटाची घडी घातली. मग म्हणाली, “पोरगा शिकला की घराला फायदा होतो म्हणत्यात.” टेम्पोत तिने माझ्याशेजारची जागा सोडून पुढे ड्रायव्हरजवळ बसून घेतलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

दोन्ही गावांना ग्रामसेवक एकच आहेत. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांच्या मोटारसायकलला दोन पिशव्या असतात, डावीत जांभुळठाणचं दप्तर, उजवीत आमचं. मी त्यांना गाठून विचारलं की, दोन्ही याद्या तुमच्याच हातून गेल्या, तर एक सांगते इकडे, एक सांगते तिकडे, हे दिसलं कसं नाही? भाऊसाहेब खजील झाले. म्हणाले, “बाळा, सोमवारी मी जांभुळठाणचा असतो, मंगळवारी तुमचा. सोमवारचं मंगळवारी आठवायचं नाही, हा माझा नियम. नाहीतर दोन्ही सरपंच मला फाडून खातील.” मग त्यांनी कॅलेंडर बघितलं. मुदत संपायला फार दिवस नव्हते, आणि ते दिवस नेमके छाटणीचे. या दिवसांत ग्रामसभेला कोरम भरत नाही. माणूस बागेत असतो, नाहीतर पिंपळगावला.

“नाना त्यांच्या गावात जाणार नाहीत, आणि मंगलताई इकडे येणार नाहीत,” भाऊसाहेब म्हणाले. मंगलताई म्हणजे जांभुळठाणच्या सरपंच.

मला एकच दिवस दिसत होता ज्या दिवशी दोन्ही गावं कुणी न बोलावता समोरासमोर बसतात. मी भीत भीत म्हटलं, “कात्री दाखवायच्या दिवशी ठेवली तर?”

भाऊसाहेब म्हणाले, “ग्रामसभा गावाच्या हद्दीत व्हायला पाहिजे.”

“प्रत्येक गाव आपल्या काठावर बसतंच की.”

भाऊसाहेबांनी कॅलेंडरवर त्या रविवारी बोट ठेवलं. मग एकदम हसले. दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांत दवंडी फिरली, नोटिसा लागल्या. वेळ एकच, ठिकाण एकच, फक्त ‘पूर्व काठ’ आणि ‘पश्चिम काठ’ असं वेगवेगळं लिहिलेलं.

तो रविवार मला अजून तुकड्यातुकड्यांनी दिसतो. करंजाच्या पानांतून पडलेलं ऊन. शेंदरावर ओलं कुंकू. ओळीने मांडलेल्या कात्र्या, काही नव्या कोऱ्या, काहींच्या मुठींना सायकलची ट्यूब गुंडाळलेली. वरच्या काठाला पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजुरांची टोळी, पोरंबाळं कडेवर. त्यातल्या सोमीबाई दरवर्षी आमच्याकडे येतात. त्यांना मी विचारलं होतं, यंदा कोणत्या गावात आहात? म्हणाल्या, “आमी द्राक्षाकडं आलोय.” त्यांच्या लेखी दोन गावं नाहीतच. सगळ्या पट्ट्याचं एकच नाव, द्राक्षाकडे. मला त्या क्षणी भिंतीवरचा तो मोठा नकाशा आठवला. तो तयार करणाऱ्यांनाही बहुधा असंच काहीसं बघायचं असेल. आम्हीच त्यांच्या हातात तुकडे दिले.

भाऊसाहेब म्हसोबाच्या उंचवट्यावर बसले, दोन मांड्यांवर दोन रजिस्टरं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वळलेली, चपला पायथ्याशी. दोन्ही काठांवर हजेरीचे कागद फिरले. कोरम भरला. भाऊसाहेबांनी ठराव मोठ्याने वाचला, आधी डावीकडे तोंड करून, मग उजवीकडे, अगदी तेच शब्द.

पहिला उठला तो जांभुळठाणचा संदीप. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, बारावीला मला गणित समजावून सांगायचा. त्याचं वावर समोरच्या काठाला लागून आहे.

“ओढा दाखवला की दोन्ही बाजूचा पट्टा हिरवा होणार. बरोबर? म्हणजे तिथं घर नाय, गोडाऊन नाय, काय नाय. शहर दारात आल्यावर आम्ही हातातली कात्री कधीच खाली ठेवायची नाय का?”

त्याचं खोटं नव्हतं. आमच्या बाजूच्याही चार-पाच जणांनी माना हलवल्या. दत्तूनाना म्हणाले, “आणि फरशीचं काय? ती कोण बांधणार ते आधी ठरू दे.”

“नाना, फरशी तुमच्या डोक्यातून कधी जाणार?” मंगलताई पलीकडून म्हणाल्या.

“तुमच्या बाजूनं खचली ती.”

“पाणी तुमच्या बाजूला तुंबलं म्हणून खचली.”

मग पुढची काही मिनिटं नेहमीचंच. एवढ्यात वर कुठेतरी पाऊस झाला असावा. ओढ्याचं पाणी हळूच चढलं, आणि भाऊसाहेबांची एक चप्पल निघाली. फिरत फिरत, मधोमध.

“भाऊसाहेब, चप्पल कुणाच्या हद्दीतून चालली ते लिहून घ्या,” पलीकडून कुणीतरी म्हणालं.

दोन्ही काठ हसले. एका पोराने पाण्यात उडी मारून चप्पल आणली. त्या हसण्यातच बायजाआत्या उठली. डोक्यावरचा पदर नीट केला.

“मागच्या पावसाळ्यात तिकडचे भोपळे माझ्या ओट्यावर आले,” ती म्हणाली. “पाच होते. मी दोन दिवस वाट पाह्यली, कुणी मागायला येतंय का. नाय आलं. मग पंचवटीला नेऊन विकले.”

“ते माझे होते, आत्याबाई,” जांभुळठाणच्या एका म्हाताऱ्याने हात वर केला.

“मग यायचं होतं. चहा पाजला असता.” पुन्हा हशा. आत्या हसली नाही. “भोपळे आले तवर ठीक हाय. इकडून भराव, तिकडून भराव, मधी पाण्याला जागा किती ऱ्हाईल? घरात पाणी आलं की मी गोधड्या माळ्यावर टाकते. मीच कुठं चढू? संदीप, तुझा पट्टा जाईल हिरव्यात, मला म्हाईत हाय. माझं तर सगळंच वावर जाईल. अर्धा एकरच हाय ते. तरी मी सही करते. आदी माझी घ्या, मग बोला.”

ती पाण्यात उतरली, लुगडं सावरत उंचवट्यापर्यंत गेली आणि भाऊसाहेबांच्या हातातला पेन घेतला. वावरही जाणार हे तिला कधी कळलं होतं, मला माहीत नाही. मी तिला सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच ते तिथे, संदीप बोलताना, पहिल्यांदा उमगलं.

मग मी उभा राहिलो. माझा आवाज सभेत कधी निघालेला नाही. वर्गात हजेरीलाही मी हळूच ‘हजर’ म्हणतो. ओढ्याचा आवाज होता, त्याच्या वरताण बोलायचं होतं.

म्हटलं, “आपल्या गावाच्या यादीत ओढा हद्दीबाहेर आहे, असं मी लिहिलं. मला माहीत होतं की तो अर्धा आपला आहे. माझी चूक आहे. जांभुळठाणच्या लोकांनीही तेच केलं, म्हणजे दोघांचं मिळून पाणीच गेलं. मला ती ओळ खोडायची आहे, पण मी एकट्याने खोडून चालत नाही.” एवढंच. ‘धन्यवाद’ म्हणायचंही राहिलं.

दत्तूनाना उठले. ते स्वतःच म्हणाले, “त्यानं माझ्या सांगण्यावरनं लिहिलं.” मग पलीकडे तोंड करून, “मंगलताई, तुमच्याकडं कुणी लिहिलं?”

“मीच,” मंगलताई म्हणाल्या. “फरशी गळ्यात पडू नये म्हणून.”

नानांच्या तोंडावर काहीतरी हललं. “म्हणजे आपण दोघं एकाच शाळेतले.”

संदीपने सही केली ती सगळ्यात शेवटी. पेन हातात घेतला आणि आधी आपल्या वावराकडे बघितलं. मला हळूच म्हणाला, “तू आता शहरात राहशील. मला इथंच राहायचंय.” त्याने पट्टा दिला तो खुशीने, असं मी कधी कुणाला सांगणार नाही.

भाऊसाहेबांनी ठराव दोन्ही रजिस्टरांत लिहिला, एकाच शाईने. मग पंगती बसल्या. जेवताना आत्या माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने तिच्या भाकरीतली अर्धी माझ्या ताटात ठेवली. तेवढ्यावरून मला समजलं. दुसऱ्या सकाळी टेम्पोत माझ्याशेजारची जागा भरलेली होती.

त्यानंतर वाट बघणं. हरकत दाखल झाली, त्यावर शिक्का बसला. थंडीत सुनावणी झाली. मंगलताई आणि नाना एकाच गाडीतून गेले. गाडी कुणाची न्यायची यावर आधी तासभर वाद झाला म्हणे. द्राक्षं उतरली, कंटेनर गेले, उन्हाळ्यातली खरड छाटणी झाली. मी पदवी घेतली आणि पुढच्या शिक्षणासाठी नाशिकरोडला आलो. आत्या दर आठवड्याला फोन करायची. पहिला प्रश्न, “जेवला का?” दुसरा, “रेघ आली का?” मी कार्यालयात जायचो. मॅडमची बदली झाली होती. नवीन साहेब सांगायचे, फाइल वर गेलीय. वर म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. पावसाळा आला. एका दिवशी आत्याने फोनवर सांगितलं की पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येऊन परत गेलं, भोपळा नाय आला यंदा.

या वर्षभरात मी पुस्तकांत प्रादेशिक नियोजनावर बरंच वाचलं. स्थानिक संस्थांमधला समन्वय, असा शब्द त्यात वारंवार येतो. परीक्षेत मी त्यावर चार पानं लिहिली. लिहिताना डोळ्यांसमोर मात्र भाऊसाहेबांच्या मोटारसायकलच्या त्या दोन पिशव्या येत होत्या, डावी आणि उजवी, आणि मधे बसलेला एक कंटाळलेला माणूस. उत्तरपत्रिकेत मी ते लिहिलं नाही. इथे लिहितो.

त्या सकाळी गच्चीवर टॉवेल तसाच हातात राहिला होता तेव्हा खिशात फोन वाजला. आत्या. टेम्पो चुकवून आज गावातच थांबलीय म्हणाली. मागे बरीच माणसं बोलत होती.

“ग्रामपंचायतीपाशी उभी हाय. मोठा कागद लावलाय. शेवटचा हाय म्हणं, आता बदलत नाय.”

मी विचारलं, “रेघ आहे का?”

“मला कुठं वाचता येतं? रंग दिसतो पण. थांब, ही पोरगी वाचती.”

पलीकडे फोन हातातून हातात गेला. आधी आत्याचाच आवाज आला, लांबून: माझ्या वावरावर हिरवा आलाय, येऊ दे, कोथिंबीर बी हिरवीच असती. कुणीतरी हसलं. नानांचा आवाज आला, आता फरशीचं बोलायला पुन्हा म्हसोबापाशीच बसू, मंगलताईंना कळवा. मग एक लहान मुलीचा आवाज, शाळेत धडा वाचतात तसा, अक्षर अक्षर जोडत:

“ओढा. कवठेवाडी व जांभुळठाण. दोन्ही गावांच्या हद्दीत.”

मी म्हटलं, “आत्या, तिला पुन्हा एकदा वाचायला सांग.”

तिने पुन्हा वाचलं.